अंधारातली बाही

डिसेंबर एकाहत्तर. गोळीबार चौकामागची आमची गल्ली.
खिडक्यांना काळा कागद, सायकलचा दिवा अर्धा काळा,
आणि वॉर्डन धकाते, शिट्टी दातात धरून,
"हेडाऊच्या घरी उजेड काऊन दिसून राहिला बे?"

उजेड नव्हताच. पुष्पी हसली होती,
तिचे दात दिसले असतील.

घरात आम्ही तिघी, एक चिमणी,
आणि घासलेटची बाटली, जिला द्वारकाताईनं
दोरा बांधून खूण केलेली.
भाऊजी फौजेत ड्रायव्हर. कुठं, ते टपाल सांगत नव्हतं.
महिला मंडळानं खाकी लोकरीचे आठ गुंडे दिले
सोनं द्यावं तसे, तोलून.

मंगळवारी ताईनं बाहीचे टाके घातले.
निजताना बोटभर झाली होती.
बुधवारी सकाळी चार बोटं.

"तू विणली?"
"मी नाही."
"मग पुष्पीनं?"
"मले उलटा टाका तरी येते का?"
गुरुवारी कोपरापर्यंत.
घासलेट दोऱ्याला टेकून जसंच्या तसं,
म्हणजे जो कोणी विणत होता, अंधारात विणत होता.

"भूत," पुष्पी म्हणाली.
"भुताचे पाय उलटे असते," ताई म्हणाली, "टाके नाही."

संशय पहिला वॉर्डनवर, कारण रात्री जागा तोच.
मग शेजारच्या चंद्रभागेवर, जी विस्तव मागायला यायची
आणि बातमी ठेवून जायची.
मग मांजरीवर. लोकर समोर असून
ती उसवत नव्हती, हेच वाईट लक्षण.
शिंक्यातला गूळही रोज कमी होत होता,
पण तो तपास आम्ही पुढं ढकलला.

बावर संशय नव्हता. बा बोलतच नव्हता.
सुताचा भाव चढला तसा घरातला माग बसला
आणि मागासोबत तोही.
गुंडे पाहून एकदाच म्हणाला,
"सुयांवरचं विणणं म्हणजे बायांचा खेळ."

शुक्रवारी मी बाही हातावर चढवून पाहिली.
खाकीवर खाकी, डोळ्यांना काही दिसेना.
बोटाला लागलं:
बारीक दात, उलट-सुलट, एका रेषेत,
लुगड्याला असतो तसा करवती काठ.

कोणाला सांगितलं नाही.
रात्री लोकरीचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधून निजले.
एम्प्रेसचा भोंगा झाला. कोणी उठलं नाही,
भोंगा कोणता आणि सायरन कोणता
हे आता झोपेलाही कळायचं.

मग अंगठा ओढला गेला.
दोन हिसके. थांबा. पुन्हा एक.
लोकर धरत मी रांगत निघाले,
उतरंडीमागून, संत्र्यांच्या करंडीवरून,
मांजरीच्या पाठीवरून,
आणि लोकर उतरली मागाच्या खड्ड्यात.

खड्ड्यात बा. डोक्यावर घोंगडी, हातात सुया,
आणि पाय दाबत होते रिकाम्या मागाच्या पावड्या,
टाक्यागणिक एक.

"कोण?"
"मी."
"द्वारका निजली?"
"नाही," माझ्या मागून ताई म्हणाली.
पुष्पी तर कधीची काठावर बसून
संत्रं सोलत होती.

बा खाकरला. बराच वेळ.
मग म्हणाला, "जावयाच्या हाताचं माप
या घरात आहे का कोणापाशी?"

ताईनं अंधारात हात पुढं केला.
"माह्या हाताहून एवढा," म्हणाली.
एवढा म्हणजे किती, दिसणार कसं.
त्यानं तिचं मनगट धरलं,
टीच टाकली,
आणि तिथून पुढं हवेत जरा मोजलं.

बाहेर शिट्टी. "हेडाऊ! काय चालू आहे?"
"काही नाही, धकाते," बा म्हणाला. महिन्यात पहिल्यांदा मोठ्यानं.
"पोट्ट्या संत्रं खाऊन राहिल्या."

स्वेटर गेला. कोणाच्या अंगात गेला, कळलं नाही.
डावी बाही जरा लांबच होती.

गुळाचा तपास अजून सुरू आहे.
ताई माझ्याकडं पाहते, मी पुष्पीकडं.
पुष्पी हसते.
दात आता नवे बसवलेत,
तरी उजेड पडतोच.